डाव्या चाकाचा धागा

मी एकदा गणपतीबाप्पाला डावीकडे कलतं केलं. एकट्या बाप्पाला नाही, त्याला कवटाळून बसलेल्या माझ्या बाबांनाही, आणि तेही आमच्या सगळ्या मोंतान्य ब्लांश गावाच्या डोळ्यांदेखत. असं काही करायला माणसाच्या मनात वैर असावं लागतं, नाहीतर पोटात दारू. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. हळदीत भिजवलेला एक धागा, दोन लोखंडी कड्या आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला स्वतःच्या अकलेबद्दल असतो तेवढा विश्वास, एवढ्यावर माझं भागलं. माझी नात हे ऐकते तेव्हा दरवेळी विचारते, "आजी, तू खरंच एवढी बावळट होतीस?" मी सांगते, जन्मतः नव्हते बाई, मेहनत घ्यावी लागली.

आमचं घर कारखान्याच्या वाटेवर, तिन्ही बाजूंनी ऊस. घर कसलं, पत्र्याच्या तीन खोल्या आणि मागे वेगळं स्वयंपाकघर, ज्याच्या भिंती आधीच काळ्या आणि आईच्या फोडणीने रोज थोड्या जास्त काळ्या. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्याच्या पाठोपाठ मळीचा गोड-आंबूस वास यायचा आणि मग आईच्या चहाचा. आमच्याकडे चहात व्हॅनिला असते. पुढे एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी तो चहा पिऊन विचारलं, "यात केक पडला का?" तेव्हा मला कळलं की सगळं जग असा चहा पीत नाही. बोलायचं मराठी मी त्या चुलीपाशी शिकले आणि लिहायचं संध्याकाळच्या बैठकेत, म्हणजे गावच्या मराठी शाळेत, जिथे गुरुजी आम्हाला पुस्तकातलं मराठी शिकवत आणि छडी मात्र बेटावरच्या क्रेओल बोलीत मारत. म्हणून हे लिहिताना माझे बाबा आणि काका जसे बोलत तसेच ठेवते. त्यांना आता शुद्ध बोलायला लावलं तर वर बसून दोघंही हसतील.

दत्तूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलेलं नाही, कारखान्याच्या वर्कशॉपात लेथवर काम, आणि जेवताना भातात बोटाने चाकाचं चित्र काढायची सवय. कारखान्यातल्या एका गोऱ्या इंजिनिअराने विलायतेहून पेट्यांमधून एक गाडी मागवली होती. सगळे भाग सुटे, आपणच जोडायचे. त्याने सांगाडा जोडला, वर फायबरचं अंग बसवलं आणि कंटाळून मायदेशी निघून गेला. उरलेली गाडी काकांनी घेतली आणि आमच्या गोठ्यात आणून ठेवली. गाय बाहेर फणसाखाली गेली. बाबांनी काकांशी धड बोलणं सोडलं ते गाडीमुळे नव्हे, गायीमुळे. दोनच सीट, वर छप्पर नाही, सीटांच्या मागे एक सपाट फळी. कपाळापासून शेपटीपर्यंत अंग गोल आणि जमिनीला टेकल्यासारखं बुटकं. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं: तोर्ती. म्हणजे कासव.

कासवाला नाव शोभायचं, कारण ते पोटावरच चालायचं. काका एकटे बसले की ठीक. शेजारी कुणी बसलं आणि मागच्या फळीवर तांदळाची गोणी ठेवली की मागचं अंग असं खाली बसायचं की उसाच्या वाटेवर मधल्या उंचवट्याला खालून घासायचं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कोणी पत्र्यावर दात घासावेत तसा. बाबा अंगणात असले की तो आवाज ऐकून नुसते आभाळाकडे बघत, जणू देवाला साक्षीला बोलावत होते.

त्या वर्षी गणपतीत अडचण झाली. आमच्या वस्तीचा गणपती आमच्या ओसरीत बसायचा आणि विसर्जनाला शेजारच्या रामूअण्णांच्या ट्रकमधून नदीवर जायचा. आमचं बेट विषुववृत्ताच्या खाली, म्हणून आमच्याकडे गणपती थंडीत येतात, ऊसतोड ऐन भरात असते तेव्हा. रामूअण्णांच्या ट्रकला त्या वर्षी कारखान्याने दिवसरात्र जुंपलं होतं. बाप्पाला न्यायचं कशातून, यावर ओसरीवर बैठक भरली. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "दादा, माझी गाडी हाय की."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी तपकीर ओढली, धोतराचा सोगा नीट केला आणि म्हणाले, "चालंल. बाप्पाला धरून मी स्वतः बसंन. पन ऐक, दत्तू. नदीपातूर जाताना ती खालून एकदा जरी घासली, तर दुसऱ्या दिवशी क्युरपिपचा डॉक्टर तिला घेऊन जाईल. कवापासून मागतोय तो. गाय गोठ्यात परत."

"आनि न्हाय घासली तर?"

"तर गायीला दुसरा गोठा बांधू."

काकांनी त्या दिवशी भात खाल्लाच नाही, ताटभर नळ्या काढल्या.

त्या नळ्या काय होत्या ते सांगते, नाहीतर माझा पराक्रम तुम्हाला कळायचा नाही. गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकापाशी एक उभी जाड नळी, स्ट्रट म्हणतात तिला. आत तेलात बुडालेला दांडा, धक्के गिळणारा, त्याला काका आमोर्तिसेर म्हणायचे. नळीभोवती स्प्रिंग. आणि स्प्रिंग ज्यावर बसते ती लोखंडी बशी नळीला कायमची वेल्ड केलेली. बशी हलत नाही म्हणजे गाडीची उंचीही हलत नाही. काकांच्या मनात होतं की ही बशी कापून टाकायची, नळीवर बाहेरून आटे पाडलेली दुसरी नळी चढवायची आणि बशीच्या जागी त्या आट्यांवर फिरणारी कडी बसवायची. कडी वर फिरवली की स्प्रिंग वर आणि गाडी वर. खाली फिरवली की गाडी खाली. आणि तिच्या खाली आणखी एक कडी, पहिलीला आवळून जागेवर धरणारी.

आई चुलीपाशी ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे कंदिलाची वात वरखाली करतात तसं."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू विलायतेहून दुसरा इंजिनिअर आला. "वहिनी, अगदी तसंच!"

मग आमचा गोठा वर्कशॉप झाला. काकांनी आधी आतला आमोर्तिसेर बाहेर काढून तेल ओतून घेतलं, कारण तेल भरलेल्या नळीवर वेल्डिंगची आग धरली तर गणपतीआधी आपणच वर जायचो. मग करवतीने बशी कापली, नळीला जराही चरा न पडू देता. उरलेली वेल्डची खडबड कानशीने घासून काढायचं काम माझं. दुपारच्या जेवणानंतर आई भांडी घासायची आणि मी नळी. दोघींच्या आवाजात काही फरक नव्हता, फक्त माझ्या हाताला येणारा लोखंडाचा वास चपातीच्या कणकेतही उतरायचा आणि बाबा घास तोंडात घालून थांबायचे. आटे पाडलेल्या बाहेरच्या नळ्या काकांनी साहेबाला विचारून कारखान्याच्या लेथवर केल्या, एका जुन्या पंपाच्या जाड पाइपातून. सरळ, बुटक्या, जास्त ताठ स्प्रिंगा पोर्ट लुईच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या. कितीतरी हातात घेऊन, नळीवर घालून-काढून, एकसारखी जोडी सापडली तेव्हा भंगारवाला म्हणाला म्हणे, "बायकोसुद्धा कुणी एवढी बघून करत नाही." काका म्हणाले, "म्हनून तर केली न्हाय."

सगळं बसवल्यावर एक अडचण निघाली. चाक आणि स्ट्रट यांच्या मध्ये जागा इतकी कमी की काकांचा पंजा आत जाईना. माझा जायचा. त्यामुळे कड्या फिरवायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी आकड्यासारखा वाकवलेला एक पाना करून दिला आणि म्हणाले, "हात तुझे, डोकं माझं." मी लगेच फुगले. आता वाटतं, त्या वाटणीत डोकं माझ्याकडे ठेवलं नाही ते किती बरं केलं त्यांनी. मग आम्ही फळीवर आईचा पाटा-वरवंटा ठेवायचो, सीटवर तांदळाची गोणी, आणि काका पोटावर पडून खालून बघत ओरडायचे, "वर! अजून वर! बस, आता खालची आवळ!" मी खालची कडी वरच्या कडीला भिडवून पाना असा दाबायचे की खाटकन लोखंडाला लोखंड लागायचं. आई दारातून ओरडायची, "माझा पाटा कवा देनार? चटनी काय दगडावर वाटू?" पाटासुद्धा दगडाचाच होता, पण त्या दिवसांत तिला असं काही सांगायची कुणाची छाती नव्हती.

कासव उठलं. पाटा, गोणी आणि शिवाय मी, असं ओझं घेऊन काकांनी उसाच्या वाटेवर फेरी मारली आणि पोटाला गवताचं पातंसुद्धा लागलं नाही. मी मागच्या फळीवर बसून किंचाळत होते, आनंदाने. तोडणीवरच्या बायका कोयते खाली ठेवून बघत राहिल्या. आज माझ्या मुलाची गाडी एवढी मऊ चालते की त्यात मला झोप लागते. त्या फेरीसारखं काही तिच्यात नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. विसर्जनाच्या जेवणातल्या सात भाज्यांची तयारी चालली होती, फणसाच्या चिकाने तिचे हात चिकट झालेले. कोपराने तिने फडताळाकडे खूण केली. तिथे केळीच्या पानात एक पिवळाधमक धागा होता.

"देवळातून मंतरून आनलाय. गाडीला बांध. पन कुनाला दिसंल असा बांधू नको. भावजींनी बघितला तर हसून हसून लोळतील."

"आणि बाबांनी बघितला तर?"

"त्यांना तर आजिबात काय इचारू नको," असं म्हणून आई फणसाकडे वळली.

मी धागा घेऊन गाडीभोवती फिरले. स्टिअरिंगला बांधावा तर काकांच्या नाकासमोर. पुढच्या बंपरला बांधावा तर साऱ्या गावासमोर. सीटखाली बांधावा, तर देवाला काय कुणाच्या बुडाखाली ठेवायचं? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घरातल्यांनी सावध व्हायला हवं हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. गाडीवर एक जागा अशी होती जिथे फक्त माझा हात जात होता. धागा एकच, म्हणून तो डाव्या बाजूला, कारण उद्या तिथे बाबा बसणार. मी खालची कडी सैल केली, दोन्ही कड्यांच्या मध्ये आट्यांवरून धागा पाच-सहा वेढे गुंडाळला, हात जोडले आणि कडी परत आवळली. या वेळी खाटकन आवाज आला नाही. पाना छान मऊ फिरला. मला वाटलं, हाच धाग्याचा गुण.

त्याच दुपारी काका आत्याला आणायला रिव्हिएर दू रांपारला गेले. आत्या बाबांची थोरली बहीण, अंगाने भरलेली आणि जिभेने त्याहून. ती उतरली तीच कमरेवर हात ठेवून. "दत्तू, तुझी गाडी मला सगळ्या वाटंनं डावीकडं घालवत व्हती."

"आक्का, तू डावीकडं बसलीस म्हनून."

"म्हंजे मी जाड?"

"न्हाय गं, गाडी बारीक."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारीक गार पाऊस पडून गेला होता आणि ओल्या उसाचा वास सुटला होता. पुढे झाकरीवाले. आमची झाकरी म्हणजे ढोलकीच्या तालावर गोल धरून नाचायचं आणि गायचं. आमच्या पणज्यांनी कोकणातून जहाजात बरोबर आणलेलं आणि न भिजता उतरवलेलं असं तेवढंच, असं बाबा म्हणत. मागे बायका, मी नव्या हिरव्या साडीत. मध्ये झेंडूच्या माळांनी मढवलेलं कासव. स्टिअरिंगवर काका, डावीकडे बाबा, मागे वळून दोन्ही हातांनी फळीवरच्या मूर्तीला धरून. पहिले दोन उंचवटे गाडी नववधूसारखी पाय उचलून गेली. बाबांचा चेहरा कोरा होता, पण मिशी हलत होती. मला ती मिशी माहीत होती. ती खूश होती.

कारखान्याच्या मोरीपाशी रस्ता खचलेला होता. गाडीने तिथे छोटीशी उडी घेतली. उडीत स्प्रिंग क्षणभर मोकळी होते. माझ्या मऊ आवळलेल्या कड्या आदल्या दिवसापासून अशाच एकेका उडीत आट्यांवरून खाली उतरत होत्या, हे आम्ही नंतर जोडून पाहिलं. त्या उडीत उरलंसुरलं संपलं. गाडीचं डावं अंग म्हशीसारखं खाली बसलं, चाक फायबरला घासून धुरकट वास आला आणि पोटाखालून तो आवाज आला. पत्र्यावर दात. एकदाच, पण लांबलचक.

ढोलकी थांबली. बाबा डावीकडे कललेले, बाप्पा बाबांवर कललेला, आणि बाबा त्याला अशा मिठीत धरून की लांबून वाटावं दोघं कुजबुजताहेत. मागून कुणीतरी पोरगा ओरडला, "आयो, तोर्ती-ला फिन आसिझे!" कासव बसलं! त्यावर हशा पिकला. काका स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाठीमागून पाहिल्या. आणि मला एकदम तो मऊ पाना आठवला.

झाकरीचे म्होरके बाळूमामा, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी हात वर केला. "गोल धरा रे! बाप्पाला हितंच नाचाया पायजे म्हनतोय!" ढोलकी सुरू झाली, आणि गाडीभोवती असा दाट गोल धरला गेला की बाहेरच्या कुणाला आतलं दिसेना. मी सीटखालून पाना काढला. काकांनी जॅक लावला. बाबांना उतरता येईना, उतरले तर मूर्ती सुटणार. म्हणून जॅकबरोबर बाबाही वर आले, बाप्पासकट, दातओठ खात, आणि आजूबाजूला "मोरया" चाललेलं. मी साडी खोचून चिखलात पडले आणि हात आत घातला. दोन्ही कड्या पार खाली उतरलेल्या, आणि त्यांच्या मध्ये काळ्या चिंध्या. शेजारी काकांचं डोकं आलं. त्यांनी चिंध्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "फिरव वर. पटकन."

मी फिरवलं. चिंध्या ओढून कमरेला खोचल्या, कडी वर घेतली, खालची भिडवली आणि असा पाना मारला की खाटकन आवाज ढोलकीतूनही ऐकू आला. जॅक निघाला, कासव उभं राहिलं. काकांनी हात पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काय न्हाय, स्प्रिंग नवी हाय. बसली जराशी." मला वाचवायला ते बोलले, आणि तेवढ्या एका वाक्यात स्वतःची गाडी घालवून बसले. दोष गाडीचा म्हटल्यावर बाबांचा शब्द तर उभाच होता.

नदीपर्यंत मग काही घासलं नाही. बाप्पा पाण्यात गेला. परतीच्या वाटेवर बाबा गाडीत बसले नाहीत, चालत आले. जेवणं झाली. केळीच्या पानावर सात भाज्या आणि मी एकही ओळखू शकले नाही. दिवस मावळताना काका गोठ्यात गेले आणि गाडीवरच्या झेंडूच्या माळा एकेक करून काढू लागले, कुणी घर सोडताना भिंतीवरचे फोटो काढतं तसे. सकाळी डॉक्टर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फणसाखाली गाय उभी राहून गोठ्याकडे बघत होती, तीही जणू सामान बांधूनच.

बाबा मागच्या नळावर पाय धूत होते. मी जाऊन उभी राहिले. बाबांसमोर मी आयुष्यात कधी लांब वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी एका दमात बोलले. स्प्रिंग बसली नव्हती, काका खोटं बोलले, कड्यांच्या मध्ये मी धागा गुंडाळला होता, आईने दिलेला, पण तिथे बांधायचं माझ्याच डोक्यातून आलं, तुम्ही डाव्या बाजूला बसणार म्हणून, आणि गाडीत काही खोट नाही, तिला घालवू नका.

बाबांनी दुसरा पाय धुतला. मग ओला हात पुढे केला. "कुठाय?"

मी कमरेतून ती काळी चिंधी काढून दिली. त्यांनी ती नळाखाली धरली, अंगठ्याने चोळली. ग्रीस काही सुटेना, पण एका टोकाला थोडा पिवळा रंग निघाला. तेवढा बघून त्यांनी चिंधी पिळली, झटकली आणि जानव्यासारखी नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मिशी हलली. गोठ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले:

"दत्तूला सांग, उद्या डाक्तर आला की त्याला च्या पाजून वाटंला लाव. आनि ऐक, मालू. दिसनार न्हाय अशा जागी बांधाया सांग, असं मीच म्हनलो व्हतो तुझ्या आईला. दोन कड्यांच्या मधी घाल, असं न्हवतो म्हनलो."